लिंबाजी मिस्त्रीचा हात

पटांगणात बावीस पोरंपोरी रांगेत बसून सळ्या वाकवत होती, आणि बावीसही जणांच्या अंगात सोजरबाईचा नवरा आला होता.

दुसऱ्या कुणाला तिथे नुसती शिस्त दिसली असती. सोजरबाईला मनगटं दिसत होती. सळई पाट्यावर ठेवायची, वाकवायची चावी अडकवायची, डावा अंगठा सळईच्या पोटाखाली घालून अंदाज घ्यायचा, एका झटक्यात वाकवायची आणि मग उजवा तळवा मांडीवर दोनदा पुसायचा. ही तळवा पुसायची खोड लिंबाजींची. धोतराला गंजाचे डाग पडतात म्हणून लग्न झाल्यापासून ती त्यांच्यावर ओरडत आली होती. आता कानात मोठाली डुलं घातलेली एक पोरगी आपल्या जीन्सवर तस्साच तळवा पुसत होती. दोनदा.

"काय आजी, ओळखू आले का आजोबा?" देशमाने सरांनी विचारलं. खडकमाळच्या गृहबांधणी प्रशिक्षण केंद्राचे ते प्रमुख. माणूस हसतमुख, पण सदा घाईत.

"आले की. बावीस आलेत. आन् मला घरी एकच सांभाळता सांभाळता नाकी नऊ यायलेत."

सगळे हसले. सोजरबाईची नात तनिष्का सगळ्यांत मोठ्याने हसली. ती याच केंद्रात वरच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरवर घरांची ड्रॉइंगं काढायला शिकवायची. अजून तात्पुरती होती. कायम झाल्याची ऑर्डर पुढच्या महिन्यात निघायची होती.

त्या दिवशी केंद्राच्या नऊशेव्या घराचा पहिला कॉलम ओतायचा होता. नारळ खरं तर लिंबाजी मिस्त्रींनी फोडायचा, पण दोन वर्षांपासून कंपवाताने ते बाजेला खिळले होते. म्हणून सोजरबाई आली होती. काँक्रीटची गाडी घरघरत उभी होती. सळ्यांचा पिंजरा उन्हात चमकत होता. सोजरबाईने हळदकुंकवाची चिमूट घेतली, पिंजऱ्याला लावायला वाकली, आणि तिचं बोट तिथेच थांबलं.

उभ्या सळ्यांभोवती आडव्या रिंगा घातलेल्या होत्या. अंतर सारखं, तार घट्ट, बांधणी अगदी लिंबाजींची. पण प्रत्येक रिंगेची दोन्ही टोकं नुसती काटकोनात दुमडून बाहेरच राहिली होती. एकही टोक आत वळवलेलं नव्हतं.

"मागून कोण फिरतंय?" तिने विचारलं.

"मागून म्हणजे?" देशमाने सर म्हणाले.

"टोकं आत घालायला."

सरांना काही कळलं नाही. मागून ड्रायव्हरने हाक मारली, माल घट्ट व्हायला लागलाय. नारळ फुटला, टाळ्या वाजल्या आणि गाडीचं तोंड उघडलं. करडा लगदा पिंजऱ्यात उतरला. रिंगा, तारा, टोकं सगळं झाकून गेलं. सोजरबाई कुंकवाची बोटं तशीच धरून उभी राहिली.

रिंगेचं टोक म्हणजे काय, हे कळायला पन्नास वर्षं मागं जायला हवं.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात सोजरबाईचं सासर सपाट झालं. ती तेव्हा वीस वर्षांची होती. धाब्याच्या घराची भिंत खाली आली तेव्हा ती आणि लिंबाजी बाहेर पळाले होते. दीड वर्षाची लेक, सुंदरा, आत राहिली. पुढचं वर्षभर सगळं गाव पत्र्याच्या शेडात होतं. तिथेच एक म्हातारे इंजिनिअर यायचे, पायांत साध्या चपला, बोलणं पुस्तकातलं. फळा नव्हता, म्हणून पत्र्यावर खडूने आकृत्या काढायचे. गवंडी जांभया द्यायचे. एके दिवशी त्यांनी कडब्याची एक पेंढी मागवली. तिला तार गुंडाळली, तारेची टोकं नुसती दुमडली आणि पेंढी जमिनीवर आपटली. तार उलगडली, कडबा पसरला. मग दुसरी पेंढी घेतली, टोकं वळवून तिच्या पोटात खुपसली आणि आपटली. पुन्हा आपटली. पेंढी जशीच्या तशी.

"जमीन हादरली की कॉलमचं वरचं काँक्रीट सालीसारखं सुटतं," इंजिनिअर म्हणाले. "टोक सालीत असेल तर रिंग उघडते आणि सळ्या फाकतात. टोक पोटात असेल तर रिंग उघडत नाही. घर वाकेल, पण माणसाला बाहेर पडायला वेळ देईल."

गवंड्यांपेक्षा ही गोष्ट बायकांना आधी पटली. पेंढीचा बंध आत खुपसणं त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

टोकं आधीच आत वळवलेली रिंग सळ्यांवर चढता चढत नाही, वेळ मोडतो. म्हणून लिंबाजींनी आपली रीत बसवली. त्यांनी टोकं काटकोनात ठेवून रिंग चढवायची, तारेने बांधायची आणि पुढे सरकायचं. मागून सोजरबाईने हातभर पाइप टोकावर चढवून ते आत रेटायचं. चाळीस वर्षं ती त्यांच्या मागून फिरली. लोक म्हणायचे, लिंबाजी मिस्त्रीचं काम म्हणजे दगड. तिला लोक मिस्त्रीण म्हणत. पण हजेरी घेताना मुकादम तिला ओझी वाहणाऱ्या बेगाऱ्यांतच धरायचा.

आणि मग बाही आली.

आपण सायकल शिकतो तेव्हा खरं तर पाय शिकत नाहीत, मेंदू शिकतो. डोक्याच्या मागच्या बाजूला लहान मेंदू असतो; हजार वेळा केलेली हालचाल तिथे मुरते. तिथून निघालेला हुकूम विजेच्या बारीक लहरींच्या रूपाने स्नायूंपर्यंत पोचतो. बाही म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत चढवायचं पातळ कापड, विणीत केसाहून बारीक तारा गुंफलेलं. उस्तादाच्या हातावर चढवली की ती त्याच्या लहरी टिपते. शिकाऊच्या हातावर चढवली की त्याच लहरी, त्याच क्रमाने, त्याच्या स्नायूंना देते.

एवढंच असतं तर शिकाऊची कळसूत्री बाहुली झाली असती. खरी करामत होती ती कपाळाच्या पट्टीची. काम मनासारखं पुरं झालं की मेंदूत समाधानाची एक खूण उमटते. पट्टी ती खूणही टिपायची आणि शिकाऊला द्यायची. त्यामुळे परक्याची हालचाल त्याला आपलीच वाटायची. पाच वर्षांची उमेदवारी पाच आठवड्यांवर आली. शेतात राबणारी पोरं महिन्याभरात लिंबाजींच्या तोडीचं काम करू लागली. केंद्राचं नाव जिल्ह्याबाहेर गेलं. वरच्या हॉलमध्ये ड्रॉइंग, खालच्या पटांगणात हात. वरच्यांना खाली उतरायचं कारण उरलं नाही आणि खालच्यांना ड्रॉइंग वाचायचं. तपासणीला कॅमेरा ठेवला. बरोबर काम कसं दिसतं हे त्याला शिकवलं, तेही बाहीवर शिकलेल्या पोरांच्या कामाचे फोटो दाखवून.

आठ वर्षांपूर्वी लिंबाजींचा हात टिपला गेला, तेव्हा सोजरबाई पटांगणाच्या कडेला बसली होती. हात टिपणारी शिकलेली तरुण मंडळी म्हणाली होती, "आजी, तुम्ही लांब बसा. दुसऱ्याचा हात लागला की लहरींची गल्लत होते." पहिला कॉलम बांधून झाला तेव्हा ती सवयीने पाइप घेऊन उठली. लिंबाजींनी हातानेच खूण केली, बस. ती बसली. तिला वाटलं, टोकांचं मागून घेतील.

नारळ फुटल्यावर ती तनिष्काच्या मागे जिना चढून वर गेली आणि सगळं सांगितलं.

"आजी, तुझं काहीतरी चुकतंय." तनिष्काने पडद्यावर कॉलम मोठा करून दाखवला. "हे बघ, टोक आत आहे. एकशे पस्तीस अंश. मीच काढलंय."

"लई सुबक काढलंयस. आता खाली चल."

खाली उद्याचा पिंजरा तयार होता. तनिष्काने रिंगेवरून बोट फिरवलं. एका रिंगेवरून, मग दुसऱ्या, मग भराभर सगळ्या. तिचा चेहरा उतरला. तिने डुलंवालीला हाक मारली.

"शिफा, हे टोक जरा आत वळव. या ड्रॉइंगसारखं."

शिफाने ड्रॉइंग नीट बघितलं. सोजरबाईने दिलेला पाइप टोकावर चढवला. जोर लावायला खांदा पुढे झाला आणि मनगट थांबलं. तिने पुन्हा जोर लावला. पुन्हा थांबलं.

"मॅडम, हे झालंय."

"झालं कुठे? टोक बाहेर आहे, दिसतंय ना?"

"दिसतंय मॅडम. पण हात म्हणतोय, झालं." शिफाच्या कपाळावर घाम आला होता. "पुढं रेटलं की चुकल्यासारखं वाटायलंय." तिने पाइप खाली ठेवला आणि तळवा मांडीवर पुसला.

शिफा गेल्यावर तनिष्का सळ्यांच्या ढिगावर बसली.

"नऊशे घरं, आजी. सगळी ड्रॉइंगं माझ्या नाहीतर माझ्या विद्यार्थ्यांच्या नावावर. लोक विचारतील, तू एकदा तरी खाली उतरून का बघितलं नाहीस?"

"का न्हाई बघितलंस?"

"सगळे म्हणायचे, आजोबांचा हात आहे. त्यात काय बघायचं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, आत्ता कुणाला बोलू नकोस. माझी ऑर्डर निघू दे. मग मीच सरांना सांगते, शपथ. भूकंप काय रोज येतो? पन्नास वर्षं झाली."

"आमच्या गावाला तर हजार वर्षं झाली व्हती," सोजरबाई म्हणाली. पण पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून ती घराकडे निघाली.

घर जवळच होतं. केंद्राच्या वसाहतीतलं सात नंबरचं घर, लिंबाजींच्या सन्मानार्थ दिलेलं, शिकाऊ पोरांनी बाहीतून आलेल्या त्यांच्याच हाताने बांधलेलं. लिंबाजी पडवीत बाजेवर पडले होते. थरथरणारा उजवा हात त्यांनी नेहमीसारखा मांडीखाली दाबून धरला होता.

"काय म्हणायलेत माझी पोरं?"

"लई बेस करायलेत. तळवा सुदीक तसाच पुसायलेत."

लिंबाजी खूश होऊन हसले.

"टोकं बाहीरच हाईत," ती म्हणाली.

हसू थांबलं. "कितीत?"

"सगळ्यात."

"मशीन बिघडली आसंल."

"मशीनला काय झालंय? जेवढं दिलं तेवढं शिकली."

"म्हंजे माझ्या हातात खोट हाय म्हण की!"

"खोट न्हाई. तुम्ही बांधायचं आन् मी मागून टोकं घालायची. माझं काम त्यात गेलंच न्हाई."

"तुझं काम!" लिंबाजींनी मान भिंतीकडे वळवली. "टोकं घालणं काय काम हाय व्हय? ते बेगाऱ्याचं."

"मग बेगाऱ्यापायी नवशे घरं उघडी पडली म्हणा."

मग लिंबाजींनी मांडीखालचा हात काढून तिच्यासमोर धरला. तो वाऱ्यातल्या पानासारखा हलत होता.

"ह्यानं घास तोंडात जाईना, सोजर. ते पोरांचे हात, तेवढेच माझे राहिलेत. ते पण काढून घेतीस?"

तिने भाकरी दुधात कुस्करली आणि त्यांना भरवली.

तीन दिवस ती गप्प राहिली. त्या तीन दिवसांत तिला वसाहत कधी नव्हे इतकी दिसली. आठ नंबरमधल्या दीपालीने तीन महिन्यांच्या पोराचा पाळणा हॉलमध्ये बांधला होता, नेमका कॉलमजवळ. कुणी कॉलमला आरसा लटकवला होता, कुणी पोराची उंची मोजायला खडूच्या रेघा मारल्या होत्या. सगळे कॉलम गुळगुळीत, रंगवलेले. बाहेरून कसलीच खोट दिसत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी जमिनीतून आवाज आला. त्या भागात असा आवाज अधूनमधून येतोच, लांबवर कुणी पिंप लोटत न्यावं तसा. फळीवरची भांडी किणकिणली. पाळण्यातलं पोर रडायला लागलं. आवाज चारच सेकंद टिकला असेल. भानावर आली तेव्हा सोजरबाई अंगणाच्या मध्यभागी उभी होती, पदर जमिनीवर, हातात पीठ. लिंबाजी पडवीत होते. बाजेवरून उठायची धडपड करत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं.

पन्नास वर्षांनी ती पुन्हा एक माणूस आत टाकून बाहेर पळाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देशमाने सरांच्या खोलीत गेली आणि खुर्चीवर न बसता सगळं बोलली. सरांनी मधे एकदाही थांबवलं नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आजी, तुम्ही म्हणता ते खरं असेल तर नऊशे कुटुंबं रस्त्यावर येतील. खोटं असेल तरी येतील, कारण एकदा शंका आली की कुणाला झोप लागणार नाही. केंद्राची कमिटी मला पहिलं विचारेल, लिंबाजी मिस्त्री काय म्हणतात? हात त्यांचा आहे. तुम्ही..." ते अडखळले. "तुमची तर नोंदच नाही कुठे."

"नोंद ऱ्हाऊ द्या. कॉलम फोडून बघा."

"कुणाचा फोडू? कोण फोडू देईल?"

"माझा फोडा."

तास-दोन तासांनी ड्रिल घेऊन एक माणूस आला, सोबत सर. तनिष्काला कुणीतरी वर कळवलं असावं. तीही आली आणि फाटकाशीच थांबली. आजीकडे तिने बघितलं नाही. लिंबाजींनी विचारलं, "काय चाललंय?" आणि ड्रिलच्या आवाजात त्यांना उत्तर मिळून गेलं. पडवीच्या कोपऱ्यातल्या कॉलमची साल ढलप्याढलप्यांनी गळली. रिंग दिसली. मग दुसरी, तिसरी. टोकं बाहेर.

देशमाने सरांनी ती बोटाने चाचपली. "ही एखाद्या शिकाऊची चूक असू शकते," ते म्हणाले, पण आवाज कोरडा होता. मग ते बाजेकडे वळले. "मिस्त्री, तुम्ही सांगा. तुम्ही असंच बांधता का?"

सोजरबाईचा शब्द तिथे धरला जाणार नव्हता. लिंबाजींनी मला उठवा म्हणून खूण केली. तिने आणि ड्रिलवाल्याने त्यांना दोन्हीकडून धरून कॉलमपाशी नेलं. त्यांचा हात रिंगेला लागला आणि नखं सळईवर टकटक वाजत राहिली.

"बांधणी माझीच हाय," ते म्हणाले. "मी आसंच बांधतो."

फाटकाशी तनिष्काला वाटलं, विषय मिटला.

"पण माझं एवढंच आसतंय. म्होरलं हिचं आसतंय." लिंबाजींनी मान वर केली नाही. "हात टिपला त्या दिशी ही उठली व्हती पाइप घिऊन. मीच बसीवली. पोरांनी इचारलं, काका, झालं का? बाईचा हात लागल्याबिगर मिस्त्रीचं काम पुरं व्हत न्हाई, हे त्या शिकलेल्या पोरांम्होरं कसं सांगू? म्हणलं, झालं." ते थांबले. "तेवढंच सगळ्यांच्या हातात गेलं."

देशमाने सर ओट्यावर बसले. फोन हातात घेतला, पण कुणाला लावावा हे त्यांना ठरवता येईना. शेवटी तनिष्काच पुढे आली.

"सर, सगळ्या घरांची यादी माझ्याकडे आहे. पत्ते, कॉलम किती, कधी ओतले, सगळं. काढते." ती वळली. आजीच्या शेजारून जाताना थांबली. "मी एक महिनाच मागितला होता," एवढंच म्हणाली आणि निघून गेली.

सोजरबाई तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. मग सरांना म्हणाली, "दुरुस्ती मागून बघा. आधी माणसं बाहीर काढा. आज."

लिंबाजींची बाज तिने ड्रिलवाल्याच्या मदतीने अंगणातल्या सावलीत नेली. मग पाण्याची घागर काढली, पिठाचा डबा काढला, अंथरुणं काढली. लिंबाजी डोळे मिटून पडले होते. हात आज त्यांनी दाबून धरला नव्हता. पोटावर उघडाच हलत होता.

"आजी, रंग द्यायलात का घराला?" कुंपणापलीकडून दीपालीने हसत विचारलं. तिच्या खांद्यावर पोर झोपलेलं होतं. "कुठला देणार? आमच्यासारखा पिवळाच द्या, लई उजेड पडतो."

सोजरबाईने हातातली परात खाली ठेवली. दीपालीला काय सांगायचं ते तिने सकाळपासून मनात जुळवून ठेवलं होतं. आठ नंबरच्या फाटकापर्यंत वीस पावलं होती. तिथे पोचेपर्यंत त्यातलं एकही वाक्य उरलं नाही. तिने नुसते दोन्ही हात पुढे केले.

"पोराला माझ्याजवळ दे," ती म्हणाली, "आन् पाळणा सोड."